एक सोडून धरा

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मोजायचा. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही कॅसेट शोधत बसाल. चामड्याची गोल डबी, तिच्या पोटात पन्नास फुटांची कापडी पट्टी आणि बाजूला गुंडाळायची पितळी फिरकी, असा माझा अवतार. पन्नास म्हणतो खरा, पण आता आहेत एकोणपन्नासच. त्या एका फुटाने काय घात केला तेच सांगायला बसलोय. गोड गोष्ट ऐकायची असेल तर आत्ताच उठा. मला गोड बोलता येत नाही आणि शिकायचं वयही राहिलेलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. तिथे तागाच्या धाग्यात तांब्याची बारीक तार विणायचे, म्हणजे पट्टी ओढली तरी ताणत नाही. मग ओळीने बसलेल्या बायका फुटाचा आकडा तांबडा आणि इंचाचा काळा असे छाप मारायच्या. माझ्या वाट्याला आलेली बाई भलती बोलघेवडी होती. शेजारणीला सासूची गाऱ्हाणी सांगता सांगता तिने माझ्यावरचे सगळे आकडे उमटवले आणि एकही वाकडा गेला नाही. शेवटी एका माणसाने मला लोखंडी पट्टीवर ताणून तपासलं आणि डबीवर शिक्का मारला, 'अचूक'. तो शिक्का अजून दिसतो. न दिसता तर बरं झालं असतं.

हार्डवेअरच्या दुकानात सहा महिने काचेमागे काढल्यावर मला एका गवंड्याने विकत घेतलं. मोठा कंत्राटदार वगैरे नव्हे, चार माणसं हाताशी धरून घरं आणि भिंती बांधणारा साधा गवंडी. हात खरखरीत, पण मला गुंडाळताना आधी फडक्याने पुसायचा. बायको लवकर गेली होती. घरात तो आणि एक मुलगी. मुलगी हुशार निघाली म्हणून तिला शिकायला शहरात मामाकडे ठेवली होती आणि ती सुट्टीत यायची. गवंडी स्वतः जेमतेम लिहा-वाचायला शिकलेला, पण आकड्यांत पक्का. भिंत नुसती डोळ्यांनी बघून सांगायचा, अर्धा इंच बाहेर आहे म्हणून. आणि असायची.

एकदा त्याला एका कुंपणाच्या भिंतीचं काम मिळालं. दगड हवा होता. गावामागच्या माळावर आयते दगड पडलेत, कुणाचेच नाहीत, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून हा मला खांद्याला लटकवून वर गेला. तिथे बघतो तर दगड पडलेले नव्हते, उभे होते. गोल रिंगण करून, चोवीस. दुसरा कुणी असता तर गाडी बोलावून भरून नेले असते. हाही त्यासाठीच गेला होता, उगाच देवमाणूस म्हणून सांगत नाही. पण तो गवंडी होता. त्याने एका दगडाच्या बुडाशी हात घालून माती उकरली आणि तिथेच मांडी घालून बसला. प्रत्येक दगडाच्या खाली कपच्या ठोकून बसवल्या होत्या, जशा तो स्वतः चौकटीखाली ठोकायचा तशाच. प्रत्येक दगडाची सपाट बाजू आत वळवलेली. आणि दगड माळावरचे नव्हतेच. खालच्या ओढ्याचा काळा दगड होता तो, दोन मैल चढ चढवून आणलेला.

'लावणाऱ्याला काम येत होतं,' तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला मी एकटाच होतो. त्याच्या तोंडून दुसऱ्या गवंड्याचं कौतुक मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

कुंपणाला दगड त्याने दुसरीकडून आणला. त्या दिवसापासून सुट्टीचा वार माळाचा झाला. गावातल्या मास्तरांनी त्याला सांगितलं की ह्याला शिळावर्तुळ म्हणतात, दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचं तरी असावं, पण ह्या भागातल्या वर्तुळांची नोंद कुठेच नाही. नोंद नाही म्हणजे काय, हे गवंड्याला नीट उमगलं. नकाशावर नाही ते घर पाडायला परवानगी लागत नाही, हे त्याला धंद्यातून माहीत होतं. त्याने एक जाड वही आणली आणि मोजायला लागला.

अकरा वर्षं, मित्रांनो. माळ, टेकड्या, ओढ्याचे काठ, सगळं आम्ही पालथं घातलं. नऊ रिंगणं सापडली. वाट्यांसारखे खळगे कोरलेला एक खडक सापडला, एक बुजलेली पायऱ्यांची विहीर सापडली, शेताच्या बांधात उलटा घातलेला कोरीव दगड सापडला. उंची तो लाकडी गजाने मोजायचा आणि लांब अंतरं माझ्यावर. हाताशी दुसरं माणूस नसे, म्हणून माझं टोक एका लोखंडी खिळ्याने जमिनीत रोवायचा आणि फिरकी धरून मागे मागे चालत जायचा. मग आकडा पुटपुटत वहीपाशी यायचा. गावात हसायला एवढं कारण पुरलं. त्याचं नाव पडलं गोलोबा. हा म्हणे लोकांची घरं चौकोनी बांधतो आणि स्वतःच्या डोक्यात गोल घेऊन फिरतो. त्याला कुणी गोलोबा म्हटलं तर तो ओ द्यायचा.

आता त्या एका फुटाचं सांगतो. पहिल्याच वर्षी, वहीत पहिलं माप चढायच्या आधीच, एका घराच्या पायरीचा दगड बसवताना तो माझ्या टोकावर सटकला. गवंड्याने घाईने मला ओढलं आणि मी पहिल्या फुटाच्या खुणेवर, बरोबर तांबड्या 'एक'च्या अलीकडे, टरकन फाटलो. कडीसकट एक फूट गेला. दुकानदार म्हणाला, नवीन घे. गवंडी म्हणाला, कशाला? बाकीचा ठणठणीत आहे. एक सोडून धरायचं, झालं. म्हणजे असं, की एकची खूण दगडाला लावायची आणि जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा. बेचाळीस आले तर वहीत लिहायचे एकेचाळीस. त्याच्या अंगवळणी पडलं ते. दहा वर्षांत एकदाही चुकला नाही, माझ्याइतकं दुसरं कोण सांगणार? माझ्या एकच्या खुणेला खिळ्याचं भोक आहे, ते तेव्हाचं. गावाने ह्याचीही म्हण केली. कुणी फुशारक्या मारायला लागला की बाकीचे म्हणायचे, 'ह्याचं एक सोडून धरा.'

ज्या दिवशी मी फाटलो त्या दिवशी त्याने वहीत एक ओळ लिहिली. 'टेप तुटला. आजपासून एक सोडून.' बस, एवढीच. शब्दांची काटकसर हा त्याचा जन्माचा रोग होता. आणखी चार शब्द लिहिले असते तर आज मी हे सांगत बसलो नसतो.

वर्षं गेली. मुलगी शिकून परत आली आणि गावच्या कचेरीत लेखनिक म्हणून लागली. हंगामी. सहा वर्षं हंगामीच. कायम होण्याची ऑर्डर आज निघते उद्या निघते असं चाललेलं. अक्षर असं की साहेब लोक कागद तिच्याकडेच द्यायचे. बापाचं वेड तिला आवडायचं असं नाही, पण चेष्टा केलेली खपायची नाही. बाबांना काही बोलायचं काम नाही, असं ती एकदा कचेरीत सगळ्यांसमोर बोलली होती म्हणे. गवंड्याला ते कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा तो दिवसभर खुशीत होता.

तेवढ्यात माळावर खडी केंद्र येणार अशी बातमी आली. नवा रस्ता व्हायचा होता, त्याला खडी हवी. गवंडी मास्तरांना घेऊन पुराणवस्तू खात्याच्या ऑफिसात गेला. तिथे सांगितलं की अर्ज करा, सोबत मोजमापांची स्वच्छ नक्कल जोडा, आमचा अधिकारी येऊन पडताळेल. मापं जुळली तर माळ राखीव. अर्ध्या फुटाच्या वर फरक निघाला तर नोंद अविश्वसनीय, आणि मग आम्हाला काही करता येत नाही. गवंडी खुशीत परतला. जुळण्याची चिंता त्याला नव्हतीच.

चिंता एकच होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस समोर आला तर ओळखायचा, पण कागद म्हणजे नुसता धूर. नक्कल करायला मुलगी बसली. ओळीने तीन सुट्ट्या, दुपारभर, टेबलावर वही आणि फॉर्म घेऊन. मी समोर खिळ्याला टांगलेला. सगळं बघत होतो.

पहिल्याच पानावर, सगळ्या मापांच्या आधी, तिला ती ओळ लागली. 'टेप तुटला. आजपासून एक सोडून.' ती थांबली. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. टेप तुटका आहे हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला वाटलं, बाबांनी टेपवर दिसलं तसं लिहून ठेवलंय आणि वाचताना एक सोडून वाचायचं आहे. चांगला कागद खराब होऊ नये म्हणून तिने आधी पेन्सिलने वजाबाकी केली. एकेचाळीसचे चाळीस. अडतीसचे सदतीस. नऊच्या नऊ रिंगणांचं प्रत्येक अंतर एका फुटाने छाटलं, आणि वर स्वतःवर खूष झाली, की बघा, माझ्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर केवढा घोटाळा झाला असता.

गवंडी कोपऱ्यात बसून होता. दोन-तीनदा म्हणाला, जरा वाचून दाखव ना, ऐकू दे मला. पहिल्यांदा ती म्हणाली, झाल्यावर दाखवते. शेवटी कंटाळून म्हणाली, 'बाबा, मी बघितलंय ना सगळं. तुम्हाला काय विश्वास नाही का माझ्यावर?' बापाने पुन्हा म्हटलं नाही. आणि मी खिळ्यावर लोंबकळत होतो. मापं सांगायला जन्माला घातलेल्या वस्तूला तोंड द्यायला कुणाचं काय गेलं असतं?

नक्कल मूळ वहीशी ताडून पाहिल्याचा कचेरीचा शेरा लागायचा. तो तिनेच मारला. 'खरी नक्कल', खाली शिक्का आणि तिची सही.

पडताळणीच्या दिवशी माळावर गर्दी झाली. खात्याचा अधिकारी चकचकीत स्टीलचा टेप आणि दोन माणसं घेऊन आला होता. खडीवाल्यांचा मॅनेजर होता, मास्तर होते, गोलोबाची गंमत बघायला आलेलं निम्मं गाव होतं. मुलगी कचेरीतर्फे फाईल घेऊन उभी होती, शेजारी तिचे मोठे साहेब. गवंड्याने धुतलेले कपडे घातले होते आणि मला खांद्याला लावलं होतं. हौस त्याची.

स्टीलच्या टेपने मोजलं, एकेचाळीस. फाईलीत चाळीस. अधिकाऱ्याने परत मोजायला लावलं. एकेचाळीसच. दुसरं माप, अडतीस. फाईलीत सदतीस. असं करत सात मापं झाली. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने गवंड्याला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की आजोबा, सगळीकडे बरोबर एक फूट कमी आहे. मॅनेजर हसला. कुणीतरी मागून म्हणालं, एक सोडून धरा, आणि सगळेच हसले.

अधिकाऱ्याने मला हातात घेतलं, बाहेर ओढलं आणि माझं फाटकं टोक बघितलं. आता जरा गणित करा, मित्रांनो. माझं फाटकं टोक दगडाला लावलं तर माप वाढून दिसतं, घटत नाही. एक सोडला तर बरोबर येतं. कमी येतं केव्हा? दोनदा सोडलं तर. गवंड्याला हे करायला क्षणही लागला नाही. आपण एकदा सोडला हे त्याला पक्कं माहीत होतं. दुसऱ्यांदा कुणी सोडला हेही त्याला त्याच क्षणी कळलं. त्याने मान वळवून फाईल होती त्या बाजूला पाहिलं. दिसलं काही नसणार.

तिलाही कळलं होतं. फाईलीतल्या चाळीसवर तिने बोट ठेवलं होतं. तोंड उघडलं तिने.

अधिकाऱ्याच्याही ते ध्यानात आलं असावं. त्याने विचारलं, 'मूळ वही आहे ना? ती आणा, तिच्यावर बघू. नक्कल करताना गडबड झाली असेल.'

वही घरात पेटीत होती. पळत जाऊन आणायला पाऊण तास पुरला असता. वहीत एकेचाळीस होते, अडतीस होते, सगळं बिनचूक होतं. वही आली असती तर माळ वाचला असता. पण वही आली असती तर खरी नक्कल म्हणून खोटी सही करणारी लेखनिकही उघडी पडली असती, आपल्या साहेबांच्या समोर, ऑर्डर टेबलावर असताना. गवंड्याचा हात दगडाखाली सापडला होता आणि दगड होता तोच, जो वाचवायला तो अकरा वर्षं राबला.

'वहीतही असंच आहे, साहेब,' तो म्हणाला. 'चूक माझीच. दोनदा सोडलं असणार मी. म्हातारा झालो.'

मुलीने तोंड मिटलं.

अधिकाऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग काय लिहायचं ते लिहिलं आणि गवंड्याच्या हातात मला परत दिलं.

घरी येताना ती त्याचा हात धरून चालत होती. उंबऱ्याशी आल्यावर त्याने विचारलं, 'तुझी ऑर्डर कधी निघतेय?' ती म्हणाली, पुढच्या महिन्यात. तो म्हणाला, 'बरं.' आणि मला खिळ्याला लावून आत गेला. ह्या विषयावर त्या घरात नंतर कधी बोलणं झालं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याने तिला झाकलं, तिने झाकून घेतलं, आणि दोघंही एकमेकांशी इतकी जपून वागायला लागली की बघवत नसे.

ऑर्डर निघाली. सुरुंगही उडाले. पहिला बार झाला तेव्हा माझी डबी भिंतीवर आपटली. चोवीस दगडांची खडी व्हायला चार दिवस लागले, बाकीच्या आठ रिंगणांना मिळून महिना. तीच खडी नव्या रस्त्यात गेली आणि त्याच रस्त्याने मुलगी कचेरीत जाऊ लागली. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून ती फार मागे लागायची. तो म्हणायचा, आता काय बघायचंय? दोन वर्षांनी तो गेला. आवराआवर करताना तिने वही पेटीत तळाशी ठेवली आणि मी भिंतीवरच राहिलो. फडक्याने पुसणारं कुणी राहिलं नाही. चामडं तडकलं, फिरकी हिरवी पडली. त्याची तक्रार मी करत नाही, वस्तूंचं असंच होतं.

मागच्या वर्षी तिच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. आता ती कचेरीत सगळ्यांत वरची लेखनिक होती. त्यावेळी खात्याकडून एक कागद आला. नष्ट झालेल्या प्राचीन अवशेषांची सूची छापायची होती, शाळांना वाटायची होती, ह्या भागाची माहिती कचेरीने भरून द्यावी. ती कागद घरी घेऊन आली. दुपारची वेळ होती. पेटी उघडून तिने वही काढली आणि पहिल्यांदाच मला खिळ्यावरून खाली घेतलं. माझी पट्टी बाहेर ओढून एकच्या खुणेवरच्या भोकावरून बोट फिरवलं. वही वाचली. रडली. बराच वेळ रडली, आणि मला वाटलं, चला, उशिरा का होईना. आता तिला कोण काय करणार होतं? साहेब मेले, मॅनेजर गेला, बापाची लाज राखायला एक आकडा बदलला की झालं.

डोळे पुसून तिने पेन उचललं. पण आकडा बदलायचा तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं तर जुनी फाईल निघते. तिने वही मिटली, खात्याचा कागद पुढे ओढला आणि त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'व्यास चाळीस फूट.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मोजणी स्थानिक गवंड्याची. मापे सदोष.' खाली सही केली.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूंनी हात जोडून म्हणायचं असतं, आमची निगा राखा. माझी नका राखू. मी आता भंगारात जायच्याच लायकीचा आहे. पण कुणाची चूक दुरुस्त करायला निघालात, तर तो माणूस समोर बसलेला असताना त्याला विचारा. वाचून दाखव म्हणाला, तर वाचून दाखवा. ती सूची तुमच्या शाळेत येईल. त्यात चाळीसचा आकडा सापडला, तर पेन्सिलीने का होईना, तिथे एकेचाळीस करा. माझ्यावर विश्वास ठेवून करा, कारण खरं-खोटं करायला माळावर एकही दगड राहिलेला नाही.